गो शिकतोय, आठवडा ३: दुधाचा हिशोब आणि रेजेक्स

नवीन लँग्वेज शिकायला घेतली की मी दरवेळी तोच एक प्रोग्रॅम लिहितो, आईच्या दुधाच्या हिशोबाचा. आई फोनवर रोज एक ओळ टाकते, "३ म्हैस दीड लिटर", "४ खाडा", "५ म्हैस सव्वादोन", लिटर कधी लिहिते कधी नाही, आणि महिनाअखेर ती फाइल माझ्याकडे येते. पायथनमध्ये हे कधीच चालू झालंय, आता तेच गोमध्ये करतोय. इथवर आलोय ते लिहून ठेवतो, मराठी टेक्स्ट पार्स करणाऱ्या कुणाला तरी कामाला येईल.

पहिल्या दिवशी पायथनचा रेजेक्स, म्हणजे टेक्स्टमध्ये ठराविक साचा शोधायचा पॅटर्न, जसाच्या तसा उचलला, बॅकस्लॅश डी (कुठलाही एक आकडा) वाला, आणि एकही ओळ मॅच झाली नाही. पायथन ३ मध्ये बॅकस्लॅश डीला देवनागरी आकडे चालतात, इंटला "१२" दिलं तरी सरळ बारा मिळतात. गोमध्ये बॅकस्लॅश डी म्हणजे फक्त इंग्रजी आकडे. मग [०-९]+ लिहिलं, मॅच झालं, तर पुढे एटूआय, म्हणजे टेक्स्टचा आकडा करणारं फंक्शन, अडलं, त्यालाही मराठी आकडे कळत नाहीत. शेवटी छोटं फंक्शन लिहिलं, एकेक अक्षर घ्यायचं, त्यातून '०' वजा करायचा, आधीच्या उत्तराला दहाने गुणून त्यात मिळवायचं. ते करताना आधी बाइटवर लूप फिरवला आणि भलतेच आकडे आले, कारण "दूध" ची लेन (लांबी) गोमध्ये ९ येते, तीन कोडपॉइंट (द, ऊची मात्रा, ध) आणि प्रत्येकाचे तीन बाइट. रेंज लावला की रून, म्हणजे बाइटऐवजी एकेक अख्खा कोडपॉइंट, मिळतात. रून म्हणजे काय हे ट्यूटोरियल वाचून कळलं नव्हतं ते इथे कळलं.

शब्दातली अक्षरं पकडणाऱ्या बॅकस्लॅश डब्ल्यूच्या नादी लागू नका. पायथनचं साधं आरई मॉड्यूल "किती" चे "क" आणि "त" असे दोन तुकडे करतं कारण मात्रा त्याच्या लेखी अक्षर नाही, आणि गोमध्ये तर काहीच मॅच होत नाही. देवनागरी स्क्रिप्टचा क्लास आहे, पी आणि महिरपी कंसात नाव, तो वापरा.

आता ह्या आठवड्यातला खरा गोंधळ. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, सव्वादोन, अडीच हे सगळे शब्द मॅपमध्ये ठेवले, समोर किंमत, आणि मॅपच्या कीज (म्हणजे हे शब्द) उभ्या रेघेने, म्हणजे 'किंवा'ने, जोडून पॅटर्न बनवला. पायथनमध्ये हेच केलं होतं. रन केलं, जूनची बेरीज ४७.२५ लिटर. परत रन केलं तर ४४.२५. फाइल तीच, कोड तोच! दोन संध्याकाळी गेल्या ह्यात. शेवटी पॅटर्नच प्रिंट केला तेव्हा दिसलं की दर रनला शब्दांचा क्रम वेगळा येतोय, गोमध्ये मॅपवर फिरताना क्रम मुद्दाम रँडम ठेवलाय. आणि रेजेक्समध्ये डावीकडचा पर्याय आधी जिंकतो, म्हणजे (सव्वादोन|सव्वा) असेल तर ठीक, पण (सव्वा|सव्वादोन) झालं की सव्वादोनला सव्वा मोजून मोकळं. जूनमध्ये तीन दिवस सव्वादोन होतं, तेच तीन लिटर. माझ्या पायथनच्या डिक्शनरीत सव्वादोन योगायोगाने आधी लिहिलेलं होतं म्हणून तिथे हे कधी दिसलंच नाही. आता कीज लांबीप्रमाणे सॉर्ट करून जोडतो, मोठा शब्द आधी. रेजेक्सवर लाँगेस्ट म्हणून मेथड आहे, सगळ्यात लांब मॅच घेणारी, तीही चालते, पण क्रम डोळ्याला दिसलेला मला बरा वाटतो.

लुकअहेड, म्हणजे पुढे काय आहे ते न उचलता नुसतं बघणं, गोमध्ये नाही, पॅटर्न तयार करणारं मस्टकंपाइल सुरुवातीलाच पॅनिक होतं, म्हणजे प्रोग्रॅम बंद पडतो. आधी राग आला, मग कारण वाचलं. इंजिन बॅकट्रॅक करत नाही, म्हणजे मागे जाऊन दुसरा पर्याय परत तपासत बसत नाही, त्यामुळे पॅटर्न कितीही वाकडा असला तरी वेळ इनपुटच्या लांबीच्या पटीतच वाढतो. ही पद्धत केन थॉम्पसन यांच्या १९६८ च्या पेपरपासूनची, आणि गो डिझाइन करणाऱ्या तिघांत तेच एक, हे वाचून फार भारी वाटलं. मी "खाडा" ची ओळ आधीच वेगळी तपासतो आता, लुकअहेड लागतच नाही.

एक ओळ मात्र तरीही गळत होती, "१९ दुसऱ्या गवळ्याकडून १". ती बाबांनी कॉम्प्युटरवर टाइप केलेली. दिसायला अगदी बरोबर, पण पर्सेंट प्लस क्यूने (प्रत्येक अक्षराचा कोड दाखवणाऱ्या फॉरमॅटने) प्रिंट केल्यावर ऱ्याच्या जागी साधा र, हलन्त आणि त्यापुढे २००डी, म्हणजे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, आणि तो देवनागरीच्या क्लासमध्ये बसत नाही. आईच्या फोनवरून तोच शब्द टिंबवाल्या ऱ ने येतो. आता पार्स करायच्या आधी सगळं एका रूपात बदलून घेतो.

पुढच्या आठवड्यात "म्हैस २, गाय अर्धा" अशा एका ओळीत दोन नोंदी असतात त्या घेणार, स्वल्पविरामावर तोडून नाहीतर फाइंडऑल लावून. कोणी केलं असेल तर सांगा.