पाच जांभळे फ्यूज आणि तीन पिनांचं बटण

गाडीत पायाशी उजेड देणाऱ्या एलईडी पट्ट्या बसवायला मला एक दुपार पुरली असती. दहा दिवस लागले. त्यातले आठ दिवस एका बटणाने खाल्ले, आणि त्याची चीड अजून गेली नाही म्हणून हे लिहून ठेवतोय.

पट्ट्या हव्या होत्या आईसाठी. तिला रात्री कमी दिसतं. गाडीत बसताना पाय कुठे टेकवायचा याचा अंदाज येत नाही आणि ती दाराला धरून तशीच थांबते. छतातला दिवा सीटवर पडतो, खाली अंधारच राहतो. पुढे दोन, मागे दोन अशा चार पट्ट्या आणि आईचा हात पोचेल असं एक बटण, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रंग पिवळसर घेतला. निळा-लाल उजेड रात्री चालवताना डोळ्यांना त्रास देतो, शिवाय काचेत त्याचं प्रतिबिंब दिसत राहतं.

सामान पुण्यातल्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलं. मीटरला ६० एलईडी असलेली १२ व्होल्टची पट्टी, ०.७५ चौरस मिलिमीटरची लाल-काळी वायर, फ्यूज टॅप (गाडीच्या फ्यूजच्या जागेतून नव्या वायरला करंट काढून देणारा जोड), ३ अँपिअरच्या पाच जांभळ्या फ्यूजचं पाकीट आणि लाल ठिपका पेटणारं एक बटण. पट्टी दर तीन एलईडीनंतर, म्हणजे पाच-पाच सेंटिमीटरवर छापलेल्या खुणेवरच कापायची. मध्येच कापली तर तो तुकडा पेटत नाही. मी ३० सेंटिमीटरचे चार तुकडे केले. अशी पट्टी मीटरला साधारण १४.४ वॉट खाते. माझी सगळी मिळून १.२ मीटर, म्हणजे १७ वॉटच्या आसपास, दीड अँपिअरही नाही. त्यावर ३ चा फ्यूज अगदी योग्य होता. हा हिशेब लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

पट्ट्या चिकटवणं, सोल्डर करणं, वायर कार्पेटखालून नेणं हे शनिवारी दुपारीच झालं. गाडीची मूळ वायर कुठेही कापली नाही. चार्जिंग सॉकेटचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज काढून तिथे टॅप बसवला. टॅपमध्ये दोन खाचा असतात, खालच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज जातो आणि वरच्या खाचेत आपला नवा. सॉकेटला चावी फिरवल्यावरच करंट येतो, त्यामुळे दिवे चुकून चालू राहिले तरी बॅटरी उतरायची भीती नाही. काळी वायर डॅशबोर्डखालच्या एका बोल्टला लावून बॉडी अर्थ दिली, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला जोडली. बोल्टखालचा रंग आधी खरवडून काढला होता, रंगावरून अर्थ मिळत नाही.

राहिलं बटण. त्याच्या पाकिटावर आकृती नाही, पिनांवर आकडे नाहीत. म्हणून घेतानाच दुकानदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, "मधली सप्लाय, बाजूच्या दोन कुठल्याही, काही फरक पडत नाही." त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून मधल्या पिनेला फ्यूजकडून आलेली वायर लावली, एका बाजूला अर्थ आणि दुसऱ्या बाजूला पट्ट्यांची लाल वायर. डॅशवर रिकाम्या बटणाच्या जागेवर असलेली टोपी काढून तिथे बटण दाबून बसवलं.

रविवारी सकाळी चावी फिरवली. बटण बंद होतं, तरी पट्ट्या अगदी मंद पेटलेल्या. राखेखाली निखारा असावा तशा. बटण दाबलं आणि फ्यूज उडाला.

दुसरा फ्यूज घातला. तोही उडाला. वाटलं, एखाद्या पट्टीचं सोल्डर शेजारच्या टोकाला चिकटलं असणार. पुढच्या दोन पट्ट्या सोडवल्या, तिसरा उडाला. मागच्याही सोडवल्या आणि आता एकही पट्टी जोडलेली नाही, म्हणजे उडायचं कारणच नाही, अशा खात्रीने चौथा घातला. तोही गेला. मग वायर कुठे दबली असेल म्हणून अख्खी वाट पुन्हा मोकळी केली, दाराखालची पट्टी उचकटली, कार्पेट उचललं. वायर धडधाकट होती. पाचवा फ्यूज घातला, बटण दाबलं, गेला.

तो मंद उजेड मला सगळ्यात जास्त छळत होता. बंद असताना पेटतात आणि चालू केलं की फ्यूज उडतो, हे एकाच वेळी कसं होईल?

आता ३ चा जांभळा फ्यूज कुठे मिळेना. आमच्या भागातल्या तीन दुकानांत विचारलं, सगळीकडे १०, १५, २० तयार. मंगळवारी ऑफिसमधून येताना एका गॅरेजमध्ये थांबलो. तिथल्या मेकॅनिकने गाडीकडे न बघताच सांगितलं, "साहेब, ३ चा काय टिकणार? १५ चा टाका, विषय संपला."

या सल्ल्याचा मला आजही राग येतो. माझं गणित दीड अँपिअरचं. तीनचा फ्यूज उडतोय याचा अर्थ कुठेतरी शॉर्ट आहे, आणि फ्यूज ते ओरडून सांगतोय. तिथे १५ चा घातला असता तर शॉर्टचा करंट माझ्या बारीक वायरीतून वाहत राहिला असता, आणि ती वायर कार्पेटखालून, आईच्या पायांखालून गेली आहे. कुणीही सांगितलं तरी उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालू नका.

शनिवारपर्यंत गाडी तशीच, डॅश अर्धा उघडा. रोज सकाळी तीच चालवत ऑफिसला जायचं आणि रोज ते बटण डोळ्यांसमोर. शनिवारी पुन्हा तपकीर गल्ली. दहा फ्यूज घेतले आणि त्याच दुकानदाराला बटणाचं पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

रविवारी सहावा फ्यूज घालणार तेवढ्यात आमच्या इमारतीतले काका खाली आले. त्यांनी तीस वर्षं रिक्षा चालवली, तिची वायरिंगही स्वतःच केली. म्हणाले, "अरे, किती फ्यूज जाळशील? फ्यूजच्या जागी बल्ब लाव."

त्यांनी घरून इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि टोकं टॅपच्या खाचेत बसवली. पट्ट्या सोडवलेल्याच होत्या. बटण दाबलं, बल्ब लख्ख पेटला. "हा बघ शॉर्ट," काका म्हणाले. "आता एकेक वायर काढ. बल्ब विझला की चोर सापडला." बल्बमुळे करंट पावणेदोन अँपिअरवर अडतो, म्हणून कितीही वेळ शोधलं तरी काही जळत नाही. बटणाची अर्थची वायर ओढली आणि बल्ब विझला.

आठ दिवसांनी बटण बाहेर काढून मी ते पहिल्यांदा नीट उजेडात धरलं. दोन पिना चंदेरी, तिसरी पितळी. मल्टीमीटर लावला तर बटण दाबल्यावर दोन चंदेरी पिना आपसात बीप देत होत्या, म्हणजे एकमेकींना जोडल्या जात होत्या. पितळी कुणाशीच नाही. सगळं तिथेच उलगडलं. आत ठिपक्याचा छोटा दिवा मधल्या आणि पितळी पिनेच्या मध्ये असतो. पितळी पिन फक्त त्या दिव्याच्या अर्थसाठी. मी पितळीला पट्ट्या लावल्या होत्या, म्हणून बंद असताना त्या दिव्यातून झिरपणारा करंट पट्ट्यांना मंद पेटवत होता. आणि चंदेरीला अर्थ दिली होती, म्हणून बटण दाबलं की सप्लाय थेट बॉडीला.

बाजूच्या दोघींची अदलाबदल केली. पट्ट्या नीट पेटल्या, पण बटण बंद केलं तरी लाल ठिपका चालूच. सप्लाय मधल्या पिनेवर होती ना. मग सोमवारी संध्याकाळी शेवटची अदलाबदल केली. कडेच्या चंदेरीला सप्लाय, मधलीला पट्ट्या, पितळीला अर्थ. फ्यूज घातला, दाबलं, पेटलं. मी पाच मिनिटं नुसता दाबत आणि बंद करत बसलो होतो.

मधली पिन सप्लायची, हे दुकानदाराचं म्हणणं दोन बाजूंना चालणाऱ्या, आत दिवा नसलेल्या बटणाला लागू पडतं. ठिपकावाल्याला नाही. हे त्याला माहीत असायला हवं होतं, तो दिवसभर तेच विकतो. तुम्ही मात्र बटण डॅशमध्ये बसवण्याआधी हातात असतानाच मीटरने तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. सगळ्याच कंपन्या पिनेचा रंग वेगळा ठेवत नाहीत, त्यामुळे रंगापेक्षा बीपवर भरवसा ठेवा.

आणखी काही गोष्टी आठवल्या तशा. टॅप घालण्याआधी फ्यूजच्या रिकाम्या जागेतल्या कुठल्या खाचेत १२ व्होल्ट येतात ते बघा आणि वायर नसलेली टॅपची बाजू त्या खाचेत जाईल असा तो बसवा. उलटा बसला तर तुमचाही भार मूळ फ्यूजवर पडतो. डॅशखाली पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर तिला हात लावू नका, ती बहुधा एअरबॅगची असते. ड्रायव्हरच्या बाजूची प्रत्येक वायर केबल टायने घट्ट बांधा, ब्रेकच्या पेडलखाली लोंबणारी एक वायर जिवावर बेतू शकते. इंजिन चालू असताना गाडीत चौदाच्या वर व्होल्ट असतात, त्यामुळे स्वस्त पट्टी लवकर तापते. चालू ठेवून दहा मिनिटांनी हात लावून पाहा.

एप्रिलच्या उन्हात डाव्या पट्टीमागचा डिंक सुटला. जागा स्पिरिटने पुसून दोन प्लास्टिकच्या क्लिपा लावल्या, तेव्हापासून ती हललेली नाही. आई आता दार उघडल्यावर थांबत नाही. मी चावी फिरवली की ती आधी बटण दाबते, खाली बघते आणि पाय ठेवते.