आमची वाटचाल: इतवारीतला तो सर्व्हर

2010 मध्ये नागपूरच्या सीताबर्डीत जिन्याखालच्या गाळ्यात मी आणि पार्टनरनं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. नेटवर्कच्या वायरीला टोक लावायचं एक क्रिंपिंग टूल, हार्डडिस्क बाहेरून जोडायची एक साटा-टू-यूएसबी केबल (अजून चालते) आणि इतवारीतले डाळवाले शेठ, पहिलं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट) त्यांचंच. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

2014 चा मे मात्र विसरत नाही. शेठचा लिनक्सचा सर्व्हर दुपारी 12 नंतर असा रेंगाळायचा की एक बिल निघायला 4 मिनिटं, बाहेर हमाल पोती घेऊन उभे. नागपूरचं ऊन, म्हणून आम्हीही आधी तापण्यालाच दोष दिला, फॅन साफ केला, थर्मल पेस्ट बदलली, कूलर त्याच्याकडे वळवला, फरक शून्य. तेवढ्यात बाजारातल्या एका मोठ्या पार्टीनं शेठला नव्या सर्व्हरचं कोटेशन दिलं आणि वरून सांगत फिरले की या पोट्ट्यांना काही समजत नाही. महिन्याभरात आमची तीन एएमसी गेली, गाळ्याचं भाडं थकलं.

शेठ म्हणाले, "भाऊ, सोमवारपर्यंत पाहा, नाहीतर मी नवीन घेतो."

शनिवारी त्यांच्या गादीवरच बसलो. टॉप या कमांडमध्ये प्रोसेसर जवळपास रिकामा पण वेट, म्हणजे डिस्कची वाट पाहण्यात जाणारा वेळ, 80 टक्के, हार्डडिस्कचा लाइट एकदाही विझत नव्हता. मग व्हीएमस्टॅट 1 मारलं, ही कमांड दर सेकंदाला मेमरीच्या आकड्यांची एक ओळ दाखवते. पहिली ओळ सोडून द्यायची बरं का, ती मशीन चालू झाल्यापासूनची सरासरी असते. खालच्या प्रत्येक ओळीत एसआय (डिस्कवरून रॅममध्ये परत येणारं) आणि एसओ (रॅममधून डिस्कवर जाणारं) दोन्ही हजारांत! म्हणजे रॅम पुरत नव्हती, मशीन सारखं डिस्कवर मेमरीची पानं टाकून परत उचलून राहिलं होतं. नुसतं स्वॅप (डिस्कवरची ती जागा) भरलेलं दिसलं म्हणून घाबरू नका राजेहो, हे दोन आकडे हलत नसतील तर ते पडून राहू द्या. आणि अशा वेळी घाईनं स्वॅपऑफ (स्वॅप बंद करायची कमांड) मारू नका, कर्नल (लिनक्सचा गाभा) रॅममध्ये जागा करायला डेटाबेसच मारून टाकू शकतो.

हिशोब कागदावर मांडला. रॅम 8 जीबी. मायएसक्यूएल या डेटाबेसचा बफर पूल (त्यानं स्वतःसाठी धरून ठेवलेली रॅम) 6 जीबी, हा आमच्याच पार्टनरनं ठेवलेला, कारण फक्त डेटाबेसच्या मशीनला 80 टक्क्यांपर्यंत द्या असं म्हणतात, आणि तेव्हा त्यावर दुसरं काही नव्हतंही. नंतर शेठच्या भाच्यानं बिलिंगची वेबसाइट तिथंच चढवली, वेबसाइट चालवणाऱ्या अपाचेच्या 60 प्रोसेस, प्रत्येकी 45 एमबी, झाले 2.7 जीबी. बसणार कुठून?

पूल 3 जीबी केला, अपाचेला 30 ची मर्यादा घातली, स्वॅपिनेस (स्वॅपकडे किती ओढ ठेवायची तो आकडा) 60 वरून 10, आणि रात्री रीस्टार्ट. सोमवारी दुपारी एसआय-एसओ शून्य, बिल 3 सेकंदात.

पार्टनर पुढं पुण्याला गेला, त्या सेटिंगवरून आमचं बोलणं झालं ते झालंच. शेठ अजून आमचेच आहेत. त्या वेळच्या बिलातून मात्र 500 रुपये कापले होते, म्हणे नवीन तर काही लावलंच नाही न तुम्ही.