अमोनिया: नाव एका मिठाचं, वायू दुसऱ्याचा

अमोनिया या झोंबऱ्या वासाच्या वायूचं नाव इजिप्तच्या आमोन देवावरून पडलं, हे बहुतेकांना मान्य आहे. मात्र देवळाबाहेर उंट बांधायचे, त्यांच्या मुतातून या नावाचं मीठ तयार झालं, ही सोबतची कथा काही पटत नाही.

लिबियाच्या सीमेजवळच्या सिवा मरूद्यानात आमोनचं मोठं देऊळ होतं. त्या भागातल्या एका मिठाला रोमन लोक 'हम्मोनियाकुस साल' म्हणत. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहितो की हे मीठ वाळूखाली सापडतं आणि त्याच्या सरळ चिरा निघतात. हे तर सैंधवासारखं खनिज मीठ झालं! (प्लिनी स्वतः नावाचा संबंध देवाशी नव्हे, वाळूच्या 'अम्मोस' या ग्रीक शब्दाशी लावतो.) पुढे मध्ययुगात हेच नाव अमोनियम क्लोराइडला, म्हणजे आपल्या नवसागराला, चिकटलं. इजिप्तमध्ये उंट-गुरांच्या शेणाच्या गोवऱ्यांची काजळी काचेच्या चंबूत तापवून नवसागर काढत. तो वाफ होऊन वर जाई आणि चंबूच्या मानेशी थर धरी. उंटांची कथा बहुधा इथूनच मागे देवळापर्यंत नेली असावी.

इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीने 1774 मध्ये अमोनिया वायू वेगळा काढला, पण त्याला तो 'अल्कधर्मी हवा' म्हणे. 'अमोनिया' हे नाव स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ बर्गमन याने 1782 मध्ये दिलं.

हा वायू नवसागरातच आहे, हे पाहायला चिमूटभर नवसागर आणि तेवढाच ओला चुना बशीत कालवा. लगेच नाकात झिणझिण्या येतात. खिडकी उघडी ठेवा आणि वास दुरूनच घ्या. वास आला नाही, तर चुना जुना असणार. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा खडू झालेला असतो, आणि थंड खडू नवसागरातून अमोनिया सोडवत नाही.

भांड्यांना कथिलाचा थर देणारा कल्हईवाला चुन्याऐवजी आच वापरतो. तापल्या पितळेवर नवसागर टाकला की त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. भांड्यावरचा ऑक्साइडचा काळा थर निघतो तो मुख्यतः दुसऱ्यामुळे. धुरात दोघे पुन्हा जुळतात. तो पांढरा लोट म्हणजे पुन्हा नवसागरच. कथील 232 अंशांना वितळतं. भांडं त्याहून थंड असेल तर कथील वितळून पसरतच नाही. फार तापलं तर कथीलच ऑक्सिडाइज होऊन कल्हई काळपट दिसते. नवसागर कमी पडला तर कापसाच्या बोळ्याने कितीही पुसा, थर डागाडागांनीच धरतो.