कावासीचं पाणी आणि निकेलचं भवितव्य

इंडोनेशियाच्या उत्तर मालुकूमधल्या ओबी बेटावर कावासी हे गाव निकेलच्या खाणीला अगदी खेटून आहे. इथली लाल माती म्हणजे आपल्या जांभ्याचीच जात. वरच्या लिमोनाइट थरात निकेल साधारण १ ते १.५ टक्के, खालच्या सॅप्रोलाइटमध्ये त्याहून जास्त. सॅप्रोलाइट भट्टीत जातो. लिमोनाइट पूर्वी बाजूला टाकून देत. आता तो सुमारे २५० अंश तापमानाला, दाबाखाली गंधकाम्लात विरघळवून बॅटरीचं निकेल-कोबाल्ट काढतात. मागे गाळ उरतो तो जवळपास खनिजाच्याच वजनाचा. अतिवृष्टीच्या बेटावर तो ठेवायचा कुठे, हीच खरी डोकेदुखी.

पाण्याचं तर विचारूच नका. माती उघडी पडली की तिच्यातलं षट्संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं पाण्यात विरघळणारं विषारी रूप, पावसाबरोबर झऱ्यात उतरू शकतं. पाणी नितळ दिसतं म्हणून भुलू नये. क्रोमियम उकळून जात नाही. वाफ गेल्यावर उलट दाट होतं. वाळूची गाळणीही कुचकामी. रिव्हर्स ऑस्मोसिस (आरओ) हवं, आणि झऱ्याची तपासणी पावसाच्या जोरात व्हायला हवी, उन्हाळ्यात नव्हे.

१ जानेवारी २०२० पासून निकेलचं कच्चं खनिज परदेशी पाठवायला बंदी आली, आणि बेटावरच्या कारखान्यांना जोर आला. रोजगार आला, पण मोक्याच्या जागा बहुधा बाहेरच्यांना. गावातल्या पोरांनी वेल्डिंग, विजेचं काम किंवा प्रयोगशाळेतलं नमुना-परीक्षण शिकावं. हे हुन्नर खाण संपल्यावरही चालतात. निकेल न लागणाऱ्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या वाढताहेत, त्यामुळे तेजी कायमची धरून कर्ज काढणं मला तरी धोक्याचं वाटतं.