इंडियन ओशन आणि आमचं जुनं भांडण

शुक्रवार, रात्रीचे साडेबारा

जुन्या रूममेटचा मेसेज आलाय, एकच ओळ, "सुष्मित गेला तेव्हा बँड संपला, मान्य कर." सुष्मित म्हणजे इंडियन ओशन या दिल्लीच्या रॉक बँडचा गिटारिस्ट, बँड सोडून गेलेला. हे भांडण आमचं किती वर्षं चाललंय देव जाणे. मध्ये लग्नं झाली, पोरं झाली, त्याचे केस गेले, पण इंडियन ओशनचा विषय निघाला की दोघंही परत होस्टेलच्या गच्चीवर. म्हणून आज उत्तर द्यायच्या आधी सगळं ओळीनं ऐकायला बसलो. बायको म्हणाली हेडफोन लाव, लावले.

सुरुवात 'डेझर्ट रेन'नं. हा मुळात स्टुडिओत केलेला अल्बमच नाही, दिल्लीत रंगकर्मी सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ १ जानेवारीला कार्यक्रम व्हायचा, तिथे १९९७ ला वाजवलेलं लाइव्ह रेकॉर्डिंग. पण त्यामुळेच की काय, चौघं एकमेकांचं किती ऐकतायत ते यात सरळ कळतं. सुष्मित सेनची गिटार कॉर्ड धरून मागं उभी राहत नाही, सुटे सुटे सूर घेत पळत राहते, असीम चक्रवर्ती स्टेजवर मांडी घालून तबला वाजवता वाजवताच गातो (हे किती अवघड आहे ते तबल्याच्या क्लासला जाऊन बघा एकदा), राहुल रामचा बेस खाली सगळं धरून ठेवतो आणि अमित किलमचे ड्रम्स. तबला आणि ड्रमसेट एका स्टेजवर म्हणजे खरं तर मारामारीच, ड्रम जरा जोरात लागला की तबला गायब. अमित वयानं बराच लहान, बँड १९९० चा आणि हा आला १९९४ ला, पण असीमसाठी जागा सोडून वाजवायचं कसं हे त्याला इतकं नेमकं जमलंय की मला दर वेळी तेवढंच ऐकावंसं वाटतं.

आता राहुल राम हा माणूस बघा. कॉर्नेलमधून एन्व्हायर्नमेंटल टॉक्सिकॉलॉजीत पीएचडी, आणि परत येऊन थेट नर्मदा बचाव आंदोलनात. 'मा रेवा' तिकडूनच आलं, खोऱ्यातलं गाणं, रेवा म्हणजे नर्मदाच. आपल्याकडे नर्मदा म्हटलं की परिक्रमा आठवते, पण नंदुरबारकडच्या माणसाला मणिबेली आठवतं, धरणात गेलेली गावं आठवतात. त्या नदीची स्तुती एक दिल्लीचा रॉक बँड गातो आणि हजारो पोरं त्यावर नाचतात, बहुतेकांना रेवा कोण हे माहीतही नसतं. मलाही तेव्हा कुठे माहीत होतं. 'कंदिसा' तर अरामी भाषेतली, केरळच्या सिरियन ख्रिश्चनांची प्रार्थना. म्हणजे जो कोणी जे घेऊन येईल ते मधोमध ठेवायचं आणि चौघांनी मिळून महिनोन्महिने घोळवायचं. हे सगळं करोलबागेतल्या १६/३३० खजूर रोड नावाच्या जुन्या बंगल्यात चालायचं. गाणं एकट्याचं नाही, बँडचं. मला वाटतं साउंड तिथून येतो, नुसत्या गिटारमधून नाही. हेच तर मी रूममेटला इतकी वर्षं सांगतोय.

पण त्याच्याही बाजूनं बोलायचं तर, २५ डिसेंबर २००९ ला असीम गेला तेव्हाच काहीतरी कायमचं हललं. त्याच्या हयातीत रेकॉर्ड केलेली गाणी २०१० मध्ये त्या बंगल्याच्याच नावानं आली, रेकॉर्ड कंपन्या बाजूला ठेवून, महिन्याला एक गाणं, फुकट डाउनलोड. तेव्हा नेट कसलं स्लो, पण दर महिन्याला वाट बघायचो, आणि गाणं सुरू झालं की तोच आवाज, माणूस नाही आणि आवाज एकदम ताजा. आणि स्टेजवर त्याच्या जागी दोन माणसं लागली, तबल्याला तुहिन चक्रवर्ती आणि गायला हिमांशु जोशी. मग २०१३ मध्ये सुष्मितही बाहेर पडला, निखिल राव आला, तो इलेक्ट्रिक गिटारवाला. पुढच्या वर्षीचा 'तांदानू', सात गाणी आणि प्रत्येकात एक पाहुणा, शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट, एकेक नाव बघा. वाजवलंय भारी, त्यात वाद नाही. पण मला तो अल्बम आवडूनही आवडला नाही. घरातले दोघं गेल्यावर आपण रोज कुणाला तरी जेवायला बोलवत राहतो ना, तसं वाटलं ते.

रूममेट इथे थांबला. पुढचं त्यानं ऐकलेलंच नाही, आणि माझा राग तेवढ्यावरच आहे. कारण २०२३ चा 'तू है' ऐकला तर कळतं की हे पाच जण आता एकमेकांच्या सवयीचे झालेत. पाहुण्यांची गर्दी नाही. निखिल सुष्मितसारखं वाजवायला जातच नाही, हिमांशुचा आवाज पहाडी, असीमच्या खर्जाच्या आसपासही फिरकत नाही, आणि बरंच आहे. गाणी सावकाश उलगडतात, कुणाला घाई नाही. जुना बँड आहे का हा? नाही. पण अमित अजून तबल्याला जागा सोडूनच वाजवतो, फक्त तबल्यावर आता तुहिन असतो.

रिप्लाय टाकलाय, "आधी 'तू है' पूर्ण ऐक, मग बोल, आणि पुण्यात शो लागला तर तिकिटं तू काढायचीस." दोन निळ्या टिका आल्यात. टायपिंग चालू आहे, म्हणजे आता एक वाजेपर्यंत काही झोप नाही.