फाळका लावूनच चालवा: तीस हजार डॉलरच्या इलेक्ट्रिक पिकअपचं गणित

नागपुरात पिकअप म्हटलं की बोलेरो नाहीतर छोटा हत्ती डोळ्यांपुढे येतो. क्रेट भरायचे, दोर आवळायचा, पहाटे कळमन्याच्या बाजारात उतरवायचे. अमेरिकेत पिकअप ही घरची गाडी आहे. डबल केबिन, मागे उघडा हौदा, आणि बहुतेक दिवस तो रिकामाच. पोरं शाळेत सोडणं, किराणा आणणं, रविवारी बोट ओढत तळ्यावर नेणं, सगळं हिच्यावरच. हे माहीत असलं की तीस हजार डॉलरचा इलेक्ट्रिक पिकअप आणायचा फोर्ड कंपनीचा सध्याचा खटाटोप समजायला सोपा जातो.

पहिल्या प्रयत्नात फोर्डने आपल्या सगळ्यात खपणाऱ्या एफ-150 मध्येच बॅटरी बसवली. लायटनिंग नावाची ही गाडी 2022 मध्ये रस्त्यावर आली. मोठ्या बॅटरीचं मॉडेल 131 युनिटचं (एक युनिट म्हणजे आपलं वीजबिलातलंच), रेंज सुमारे 515 किलोमीटर, वजन तीन टनांच्या आसपास. मागे ट्रेलर लावला की रेंज निम्म्यावर. शेवटी डिसेंबर 2025 मध्ये कंपनीने ही गाडी याच रूपात पुढे न चालवण्याचं जाहीर केलं, आणि इलेक्ट्रिकचा एकूण बेत बदलताना सुमारे 19.5 अब्ज डॉलरचा फटका हिशेबात धरला. पेट्रोलच्या सांगाड्यात बॅटरी कोंबली की असंच होतं: सांगाडा जड, म्हणून बॅटरी मोठी, आणि मोठ्या बॅटरीमुळे सांगाडा आणखी जड.

दुसरा प्रयत्न त्याआधीच सुरू झाला होता. ऑगस्ट 2025 मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल इथे कंपनीने नवा सांगाडा जाहीर केला. त्यावरचा पहिला मध्यम आकाराचा, चार दारांचा पिकअप 2027 मध्ये यायचा आहे, किंमत सुमारे 30,000 डॉलरपासून. आपल्या हिशेबात पंचवीस लाखांच्या वर जाते, म्हणजे कळमन्याच्या व्यापाऱ्याला हसू येईल. पण अमेरिकेत 2025 च्या सप्टेंबरात नव्या गाडीची सरासरी किंमतच 50,000 डॉलरच्या पार गेली होती.

आता किंमत उतरते कुठे? बहुतेकांचं उत्तर असतं ‘बॅटरी स्वस्त झाली’. ते अर्धंच खरं. बॅटरी लागतेच कमी, हा मोठा भाग.

हिशेब मांडून बघा. हे आकडे फोर्डचे नाहीत, समजण्यापुरते धरलेले आहेत. हवेचा अडथळा ठरतो आकाराच्या गुणांकावर, समोरच्या क्षेत्रफळावर आणि वेगाच्या वर्गावर. उभट पिकअपचा गुणांक 0.40 आणि समोरचं क्षेत्रफळ 3 चौरस मीटर धरलं, तर ताशी 110 च्या वेगाने 100 किलोमीटरला नुसती हवा कापायला जवळपास 18.7 युनिट जातात. तोच गुणांक 0.32 आणि क्षेत्रफळ 2.7 केलं की 13.4. फरक पाच युनिटांहून थोडा जास्त. 400 किलोमीटरला झाले 21 युनिट. टाटाच्या एस ईव्हीची अख्खी बॅटरी 21.3 युनिटची आहे! म्हणजे पत्रा नीट वळवला की एका छोट्या हत्तीची बॅटरी वाचली.

पिकअपला हे जमवणं अवघड, कारण केबिन संपते तिथे हवा तुटते आणि हौद्यात गरगरते. इथे एक जुना गैरसमज: फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं झाकण, पाडला की हवा मोकळी निघून जाते आणि इंधन वाचतं. होतं बहुधा उलटं. फाळका लावलेला असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून फिरत राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत मागे जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो. सैल फडफडणारी ताडपत्री तर त्याहून वाईट.

हा फायदा नागपुरात तसाच्या तसा मिळणार नाही, हेही सांगायला हवं. ताशी 40 ला हवेचा अडथळा 110 च्या जेमतेम आठव्या भागाइतका. सीताबर्डी ते कळमना अशा फेऱ्यांत जीव खातं ते वजन, कमी हवेचे टायर आणि दर सिग्नलला थांबणं.

वायरिंगची गोष्ट मात्र कुठेही लागू पडते. 480 वॉटचा पंखा 12 व्होल्टवर 40 अँपिअर ओढतो, 48 व्होल्टवर 10. तारेतला तोटा करंटच्या वर्गाने वाढतो, म्हणून करंट चौथाई झाला की बारीक तांबंही पुरतं. शिवाय प्रत्येक दिव्याची तार एकाच मोठ्या डब्यापर्यंत न ओढता जवळच्या छोट्या कंट्रोलरला जोडायची. फोर्डच्या सांगण्यानुसार आधीच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीपेक्षा या गाडीचं हार्नेस, म्हणजे सगळ्या तारांचा जुडगा, 4,000 फुटांहून अधिक आखूड आणि 10 किलो हलकं आहे. नेहमीच्या गाडीपेक्षा सुटे भाग 20 टक्के कमी, नटबोल्ट 25 टक्के कमी.

जोडणीही बदलली आहे. 1913 पासूनची रीत म्हणजे एक लांब पट्टा. कामगार दाराच्या भोकातून आत वाकून सीटचे बोल्ट आवळतो, पाठीचं भजं होतं. नव्या रीतीत पुढचा भाग, मागचा भाग आणि बॅटरी असे तीन तुकडे वेगवेगळे तयार होतात. बॅटरी हाच गाडीचा तळ, म्हणून सीट आणि गालिचा तिच्यावर उघड्यावरच बसवतात, मग तिन्ही एकत्र. पुढचा नि मागचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या एकसंध कास्टिंगचा, म्हणजे साच्यात ओतलेल्या एकाच तुकड्याचा. कारखान्याला हे सोयीचं, गॅरेजला नाही. पत्र्याचा चॅसिस ओढून, ठोकून सरळ होतो. कास्टिंग ताणलं की तडकतं. तेवढा भाग कापून नवा बसवावा लागतो, आणि वेल्डिंगचं काम कुठल्याही डेंटरकडे देता येत नाही. इन्शुरन्सवाले प्रीमियम ठरवताना हे बघणारच.

बॅटरीतले सेल एलएफपीचे, म्हणजे लोह आणि फॉस्फेटचे, निकेल-कोबाल्ट नाही. चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीकडून परवाना घेऊन मिशिगनमधल्या मार्शल इथे ते बनवायचे आहेत. स्वस्त आणि टिकाऊ, पण दोन खोडी. शून्याखाली चार्ज करताना लिथियमचा थर साचून सेल कायमचा खराब होऊ शकतो, म्हणून मिशिगनच्या हिवाळ्यात गाडी आधी स्वतःची बॅटरी गरम करते आणि त्यातही वीज जाते. दुसरी खोड नागपूरकर एलएफपीवाल्यांनाही भोवते: चार्ज 80 टक्के असो की 40, व्होल्टेज जवळपास तेवढंच, त्यामुळे मीटर अंदाजाने चालतो आणि चुकत जातो. 30 टक्के दाखवून गाडी वर्धा रोडवर बसली, तर कारण बहुधा हेच. आठवड्यातून एकदा पूर्ण 100 पर्यंत चार्ज करून मीटर जुळवून घ्यायचा. मात्र मे महिन्यात 45 अंशांत भरलेली बॅटरी दुपारभर उन्हात उभी ठेवायची नाही. रात्री उशिरा चार्जिंगला लावून पहाटेच्या फेरीआधी पूर्ण होईल असं बघायचं.