कुलूप दिसत होते, तरीही

बँकेच्या शाखेत ग्राहक सेवेच्या टेबलावर बसणाऱ्याला मोबाईल नंबर बदलण्याचे अर्ज नवे नसतात. तरी एक निवृत्त अभियंता ज्या घाईने तो अर्ज घेऊन रांग ओलांडून पुढे आले, ती घाई माझ्या डोळ्यांत भरली. जुना नंबर बंद केल्यामुळे ओटीपी येत नाही, तो आत्ताच बदलून द्या, वेळ संपत आली आहे, असे म्हणत त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. त्यावर आमच्याच बँकेचे बोधचिन्ह होते, खाली ओटीपीसाठी रिकामी चौकट होती आणि तिच्या शेजारी लाल आकड्यांत सेकंद उलटे मोजले जात होते.

“सर, हे पान कुठून उघडलंत?”

“तुमच्याच मेसेजमधून. माहिती अद्ययावत केली नाही तर खातं बंद होणार, असं लिहिलं होतं. पासवर्ड भरून झालाय, ओटीपी तेवढा राहिलाय.”

अर्ज बाजूला ठेवून मी आधी त्यांची ऑनलाइन सेवा थांबवली. अशा बनावट पानावर भरलेला पासवर्ड पलीकडचा भामटा त्याच वेळी खऱ्या संकेतस्थळावर टाकत असतो. त्यामुळे ओटीपी खरोखर बँकच पाठवते, आणि तो काही मिनिटांतच बाद होत असल्याने ग्राहकाला घाईला आणण्यासाठी ते सेकंद पळवले जातात. त्यांचे पैसे वाचले ते केवळ ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जात होता म्हणून.

“पण कुलूप होतं की!” ते म्हणाले. ब्राउझरमध्ये पानाच्या पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसल्याशिवाय माहिती भरायची नाही, हा नियम त्यांनी कसोशीने पाळला होता. फोन सफाईने वापरणारा, सगळी बिले घरबसल्या भरणारा हा माणूस निरक्षर नक्कीच नव्हता. त्यांचा नियम मात्र कालबाह्य झाला होता. आपण आणि ते पान यांच्यातली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते कुलूप सांगते. पान कोणाचे आहे, याची ग्वाही ते देत नाही. ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारख्या सेवेकडून 2015 पासून त्यासाठीचे प्रमाणपत्र फुकट मिळते आणि ते भामट्यालाही मिळते. याच गैरसमजामुळे क्रोम ब्राउझरने 2023 मध्ये ते चिन्ह काढून टाकले. यांच्या ब्राउझरमध्ये ते अजून होते.

मग मी त्यांना पानाचा पत्ता कसा वाचायचा ते दाखवले. सुरुवातीच्या जोड तिरप्या रेघांनंतर जी पहिली एकेरी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच आधीचा भाग मालकाचा असतो. इथे बँकेचे नाव अगदी सुरुवातीला ठसठशीत होते, पण त्या रेघेआधी भलतेच नाव होते. अभियंताच ते, त्यांनी लगेच जुने मेसेज काढून एकेक दुवा न उघडता, नुसता वाचून तपासायला घेतला आणि आणखी एक संशयास्पद दुवा स्वतःच शोधून काढला.

पासवर्ड शाखेतच बदलून घेतला आणि त्यानंतरच नंबर बदलण्याचा अर्ज पुढे पाठवला. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, त्यामुळे तो खात्याला जोडलेला ठेवणेही धोक्याचेच होते.